जुनं गिऱ्हाईक नाराज, नवं गिऱ्हाईक खूश : ऑपेरा कंपनीने म्युझिकल केलं तेव्हा काय झालं?



"सर, माझा एक धंदा बरा चाललाय. आता त्यात दुसरं काहीतरी सुरू करू का? जुने कस्टमर काय म्हणतील?" हा प्रश्न आपल्याकडे सारखा येतो. व्हिडिओमध्ये मी याचं थोडक्यात उत्तर दिलं. तिथे जे बसलं नाही ते इथे सविस्तर लिहितोय. उदाहरण जरा लांबचं आहे, अमेरिका आणि लंडनचं. पण शेवटपर्यंत वाचा, कारण गणित तुमच्याच धंद्याचं आहे.

आधी दोन शब्द समजून घेऊ

ऑपेरा म्हणजे जवळपास सगळी गोष्ट गाण्यातून सांगणारं नाटक. बहुतेक जुने ऑपेरा इटालियन, जर्मन, फ्रेंच भाषेत. मोठा ऑर्केस्ट्रा, मोठा कोरस, आणि मुख्य म्हणजे गायकाला माईक नाही. तीन हजार लोकांच्या सभागृहात, पूर्ण ऑर्केस्ट्रा वाजत असताना, स्वतःच्या गळ्याच्या जोरावर शेवटच्या रांगेपर्यंत आवाज पोचवायचा. ऑपेराचा रसिक यासाठीच पैसे मोजतो.

म्युझिकल म्हणजे न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवरचं संगीतनाट्य. त्यात संवाद, गाणी, नाच सगळं असतं. भाषा इंग्रजी. आजकाल माईक असतोच. 'माय फेअर लेडी' हे असंच एक म्युझिकल. ते बर्नार्ड शॉच्या 'पिग्मॅलियन' या नाटकावरून आलं. त्याच नाटकावरून पु. ल. देशपांड्यांनी आपली 'ती फुलराणी' केली. म्हणजे हा प्रकार आपल्याला अगदीच परका नाही.

आता विचार करा, ऑपेरा कंपनीने म्युझिकल करायला घेतलं तर? शास्त्रीय गायनाच्या मैफलीला जाणाऱ्या माणसाला त्याच मंचावर सिनेमाची गाणी ऐकवली तर जे होईल, तसंच काहीसं झालं.

शिकागोने काय केलं?

लिरिक ऑपेरा ऑफ शिकागो ही 1954 साली सुरू झालेली अमेरिकेतली नावाजलेली ऑपेरा कंपनी. तिचं सभागृह, सिव्हिक ऑपेरा हाऊस, 1929 सालचं. त्या काळात तिथे साधारण साडेतीन हजार खुर्च्या होत्या. ब्रॉडवेवरची सगळ्यात मोठी नाट्यगृहंसुद्धा दोन हजारांच्या आत आहेत, यावरून आकाराचा अंदाज येईल.

2012 मध्ये लिरिकने 'शो बोट' केलं. मग 2013 मध्ये 'ओक्लाहोमा!', 2014 मध्ये 'द साउंड ऑफ म्युझिक', 2015 मध्ये 'कॅरोसेल', 2016 मध्ये 'द किंग अँड आय', 2017 मध्ये 'माय फेअर लेडी', 2018 मध्ये 'जीझस ख्राइस्ट सुपरस्टार', 2019 मध्ये 'वेस्ट साइड स्टोरी'. दरवर्षी एक, नेमाने. 2020 मध्ये कोरोनामुळे खंड पडला. पण 2022 मध्ये 'फिडलर ऑन द रूफ' आणि 2023 मध्ये पुन्हा 'वेस्ट साइड स्टोरी' झालं.

म्हणजे ही एकदा करून बघितलेली गंमत नव्हती. ही धंद्यातली एक वेगळी लाइनच झाली.

लोक काय म्हणाले? चार आवाज वेगळे ऐका

ऑपेरा कंपनी म्युझिकल करते तेव्हा शिकागो असो नाहीतर लंडन, प्रतिक्रिया चार प्रकारच्या येतात. नवशिका धंदेवाला यांची सरासरी काढतो आणि म्हणतो, "लोकांचं मिक्स मत आहे." ही सरासरी कामाची नाही. चार आवाज म्हणजे चार वेगळी माणसं.

पहिला आवाज : हे तुमचं कामच नाही.
हा जुना, निष्ठावान रसिक. वर्षानुवर्षं सीझनचं तिकीट काढणारा. वरवर त्याची तक्रार 'दर्जा' अशी वाटते. खरी भीती वेगळी असते : "यांनी इकडे लक्ष घातलं तर माझा ऑपेरा कमी होणार." ही भीती ओळखणं महत्त्वाचं आहे. त्यावर पुढे येतो.

दुसरा आवाज : माईक कशाला?
ही सगळ्यात ठरलेली तक्रार. माईकशिवायचा गळा ऐकायला येणाऱ्याला स्पीकरमधून येणारा आवाज म्हणजे फसवणूक वाटते. पण म्युझिकलमध्ये बोललेले संवाद असतात. साडेतीन हजारांच्या सभागृहात ते माईकशिवाय कळणारच नाहीत. नव्या प्रेक्षकाला माईक खटकत नाही, संवाद कळला नाही तर मात्र तो वैतागतो.

बघा, एकच गोष्ट, दोन कस्टमर, दोन उलटी मतं. दोघांना खूश करणारा 'अर्धा माईक' नसतो. इथे ठरवावं लागतं की आजचा माल कोणासाठी आहे.

न्यूयॉर्क राज्यातल्या ग्लिमरग्लास या उन्हाळी महोत्सवाने दुसरा रस्ता घेतला. 2011 पासून त्यांनी म्युझिकल केली, पूर्ण ऑर्केस्ट्रा घेऊन आणि माईकशिवाय. त्यांना ते जमलं, कारण त्यांचं सभागृह साधारण नऊशे खुर्च्यांचं आहे. म्हणून दुसऱ्याची पद्धत उचलण्याआधी त्याच्या दुकानाचा आकार बघा.

तिसरा आवाज : एवढा मोठा ऑर्केस्ट्रा पहिल्यांदाच ऐकला!
हा खूश झालेला माणूस. का खूश झाला? ब्रॉडवेवर वादकांचा खर्च जड जातो. 2003 मध्ये तिथे वादकांची किमान संख्या किती असावी यावरून संप झाला, चार दिवस बहुतेक म्युझिकल बंद पडली. शेवटी मोठ्या नाट्यगृहांसाठीची किमान संख्या चोवीस-सव्वीसवरून अठरा-एकोणीसवर आली. ऑपेरा कंपनीकडे मात्र मोठा ऑर्केस्ट्रा, कोरस, सेट आणि कपडे बनवणारा विभाग हे सगळं आधीपासून असतं. जी गोष्ट दुसऱ्याला परवडत नाही, ती यांच्या घरातच आहे.

आणि जे घरात नव्हतं ते बाहेरून आणलं. 'कॅरोसेल'साठी लिरिकने लॉरा ऑस्नेस आणि स्टीव्हन पास्क्वाल हे ब्रॉडवेचे कलाकार घेतले. ऑपेराचा मोठा गायक म्हणजे सगळं गाऊ शकेल, असं धरून चालले नाहीत. याचा जुना धडा होताच. 1984 मध्ये लिओनार्ड बर्नस्टाइन यांनी स्वतःच्या 'वेस्ट साइड स्टोरी'चं ध्वनिमुद्रण ऑपेराचे तारे घेऊन केलं. अमेरिकन पोरगा टोनी गायला स्पॅनिश टेनर होजे कारेरास. रेकॉर्ड भरपूर खपली. पण "न्यूयॉर्कच्या गल्लीतला पोरगा स्पॅनिश उच्चारात कसा गातो?" ही टीका तिला आजवर चिकटलेली आहे. गळ्यात काहीच कमी नव्हतं, पण काम वेगळं होतं.

चौथा आवाज : हे लोक पुढे ऑपेरा बघायला येतील का?
हा आवाज प्रेक्षकांपेक्षा देणगीदार, समीक्षक आणि व्यवस्थापनाचा. "म्युझिकल बघायला आलेला माणूस उद्या ऑपेराचं तिकीट काढेल" हा युक्तिवाद नेहमी ऐकू येतो. ऐकायला गोड आहे. पण 'साउंड ऑफ म्युझिक' बघायला पोरांना घेऊन आलेलं कुटुंब पुढच्या महिन्यात चार-पाच तासांच्या वाग्नरला येईलच असं नाही. काही येतील, बरेचसे पुढच्या म्युझिकललाच येतील.

म्हणून नियम असा : नवी लाइन स्वतःच्या पायावर उभी राहिली पाहिजे. "यातून जुन्या मालाला गिऱ्हाईक मिळेल" हा बोनस समजा, बजेटमध्ये धरू नका.

आता लंडनकडे या. खरा धडा इथे आहे

इंग्लिश नॅशनल ऑपेरा, लंडन. यांनीही खासगी निर्मात्यांबरोबर म्युझिकल केली. 2015 मध्ये 'स्वीनी टॉड', 2016 मध्ये 'सनसेट बुलेव्हार्ड', 2017 मध्ये 'कॅरोसेल', 2018 मध्ये 'चेस', 2019 मध्ये 'मॅन ऑफ ला मांचा'. 'सनसेट बुलेव्हार्ड' तर जोरात चाललं. ग्लेन क्लोजला घेऊन ते 2017 मध्ये चाळीस वादकांसह ब्रॉडवेवरही गेलं.

तरी इथे जुन्या रसिकांचा सूर जास्त कडवट होता. का?

त्याच काळात कंपनीत काय चाललं होतं ते बघा. वार्षिक सरकारी अनुदान सुमारे 1 कोटी 72 लाख पौंडांवरून 1 कोटी 24 लाखांवर आलं होतं. कोरसच्या गायकांच्या पगारात कपात करायचा प्रस्ताव आला, गायकांनी संपाच्या बाजूने मत दिलं, मार्च 2016 मध्ये तोडगा निघून संप टळला. त्याच महिन्यात संगीत दिग्दर्शक मार्क विगल्सवर्थ यांनी राजीनामा जाहीर केला. आणि एप्रिलमध्ये 'सनसेट बुलेव्हार्ड'चा पडदा उघडला.

आता जुन्या रसिकाच्या खुर्चीत बसा. एकीकडे माझ्या आवडीचं कमी होतंय, ते करणाऱ्या माणसांचे पगार कापायची भाषा चालू आहे, आणि दुसरीकडे झगमगाटात नवीन माल येतोय. नव्या मालातून पैसेच मिळत असतील, पण मला काय दिसतं? माझ्या ताटातलं काढून दुसऱ्याला वाढलं.

शिकागोत 'ओक्लाहोमा!'पासून 2019 पर्यंत म्युझिकल वसंतात, ऑपेराचा सीझन आटोपल्यावर लावायची पद्धत ठेवली. ऑपेराच्या जागी म्युझिकल आलं नाही, ऑपेराच्या नंतर आलं. ज्याला नको त्याने घरी बसावं, त्याचं काहीच गेलं नाही.

हे वाक्य वहीत लिहून घ्या : नव्या मालाबद्दलची जुन्या गिऱ्हाइकाची तक्रार बहुतेक वेळा नव्या मालाबद्दल नसते, जुन्या मालाचं काय होतंय त्याबद्दल असते.

चला, हेच तुमच्या धंद्यात आणू

समजा, तुमचं घरगुती फराळाचं केंद्र आहे. चकली, अनारसे, पुरणपोळी. दहा वर्षांचं नाव आहे. आता तुम्हाला केक सुरू करायचाय.

पहिला आवाज लगेच येईल, "ताई, तुम्ही आता केकवाल्या झालात का?" दुसरा येईल, "त्या भांड्यात अंडं तर नाही ना?" हा तुमच्याकडचा 'माईक' आहे बरं का! इथे गोलमाल उत्तर चालत नाही. एक तर केक बिनअंड्याचा, नाहीतर भांडी, ओटा, वेळ सगळं वेगळं, आणि तसं पाटीवर लिहिलेलं. तिसरा आवाज सांगेल, "पुरणपोळीच्या चवीचा केक कुठे मिळत नाही, तुमच्याकडेच मिळाला." हा आवाज नीट ऐका. तुमचा 'मोठा ऑर्केस्ट्रा' तो आहे. आयसिंग जमत नसेल तर येणारी मुलगी कामाला ठेवा, स्वतःच्या हाताचा हट्ट धरू नका.

आता हिशेब करू. महिन्याला 40 केक, 500 रुपयांना एक. विक्री 20,000. साहित्य 9,000, डबे आणि पोचवणं 3,000, मदतनीस 4,000. हातात राहिले 4,000. छान!

पण थांबा. केकच्या गडबडीत 10 किलो चकलीची ऑर्डर नाकारली. किलोमागे 150 सुटत होते, म्हणजे 1,500 गेले. खरा फायदा 2,500. आणि हेच दिवाळीच्या महिन्यात झालं, 40 किलोची ऑर्डर गेली, तर 6,000 गेले. केकवर 4,000 कमावून तुम्ही 2,000 ने खाली आलात. वर ज्यांची दिवाळी अडली ती माणसं पुढच्या वर्षी दुसरीकडे जाणार, तो तोटा यात धरलेलाच नाही.

उपाय शिकागोचाच. दिवाळीच्या महिन्यात केक बंद. फराळ आटोपला की केकचा सीझन सुरू. आणि जुन्या गिऱ्हाइकांना हे आधी सांगा : "फराळ आहे तसाच राहणार, तुमची ऑर्डर पहिली." सांगून गप्प बसू नका, पहिल्याच दिवाळीत ते पाळून दाखवा. गिऱ्हाईक तुमचं वागणं बघतं.

या आठवड्याचा होमवर्क

1. तुमच्या नव्या कल्पनेवर आलेल्या दहा प्रतिक्रिया लिहा. प्रत्येकीपुढे लिहा : बोलणारा जुना गिऱ्हाईक, नवा गिऱ्हाईक, की दोन्ही नाही? तुमच्याकडून कधीच काही न घेणाऱ्या नातेवाइकाचं मत वेगळ्या पानावर.
2. जुन्या गिऱ्हाइकाच्या प्रत्येक तक्रारीखाली एक ओळ : याला नक्की काय हरवायची भीती आहे?
3. नव्या लाइनची वही वेगळी ठेवा. त्यात 'यामुळे जुनं काय सोडावं लागलं' असा एक रकाना हवाच.
4. तुमच्याकडे आधीपासून असलेल्या, पण दुसऱ्याला परवडणार नाहीत अशा तीन गोष्टी लिहा. नव्या मालात त्यातली एकही वापरात येत नसेल, तर तो माल तुम्ही का करताय, हे पुन्हा स्वतःला विचारा.
5. नव्या गिऱ्हाइकाचं नाव आणि नंबर घ्या. सहा महिन्यांनी बघा, त्यातल्या किती जणांनी जुना मालही घेतला. येईल तो आकडा खरा. तोपर्यंत अंदाजावर कर्ज काढू नका.

एक शेवटचं. सगळे चार आवाज एकदम खूश होण्याची वाट बघत बसलात तर नवीन काही सुरूच होणार नाही. शिकागोच्या कंपनीवरही 'हे तुमचं काम नाही' म्हणणारे असणारच, आणि दरवर्षी पुढचं म्युझिकल लागतच होतं. फक्त नाराज माणसाचं ताट भरलेलं ठेवा. मग तो कुरकुर करेल, पण जेवायला तुमच्याकडेच येईल.

होमवर्कमधलं पहिलं पान भरून झालं की कमेंटमध्ये तुमचा धंदा आणि सगळ्यात जास्त टोचलेली एक प्रतिक्रिया लिहा. पुढच्या व्हिडिओत त्यातल्या काही घेऊन बोलूया.