आजोबांच्या डब्यातले १८१८ चे नाणे

प्रश्न : माळा साफ करताना आजोबांचा पितळी डबा सापडला. त्यात ईस्ट इंडिया कंपनीचे, १८१८ सालचे, तांब्याचे एक आण्याचे नाणे आहे. एका बाजूला राम, सीता, लक्ष्मण आणि पायाशी हनुमान, दुसऱ्या बाजूला कंपनीचे नाव. अशा नाण्याला लिलावात दहा-पंधरा लाख मिळतात असे एका व्हिडिओत पाहिले. त्यातल्या नंबरवर फोटो पाठवला, तर त्यांनी नऊ लाख देतो म्हणून कळवले. मात्र आधी नोंदणीचे २,१०० रुपये भरायला सांगितले. भरावेत का? डब्यात आणखी पंधरा-वीस काळपट, वेडेवाकडे तांब्याचे तुकडे आहेत, त्यांवर पुसट अक्षरे दिसतात. ते मोडीत द्यावेत का?
— एक वाचक, निफाड तालुका

उत्तर : एक पैसाही भरू नका आणि ते तुकडे मोडीत देऊ नका. तुमच्या पत्रातले पहिले नाणे कंपनीचे नाही. दुसऱ्या ढिगाचे फोटो मात्र मी तीनदा मोठे करून पाहिले. त्याकडे नंतर येतो.

आधी रामाचे नाणे. गेल्या काही वर्षांत या सदराकडे सर्वाधिक पत्रे याच नाण्याबद्दल आली आहेत. कुणाकडे १६१६ सालचे असते, कुणाकडे १७१७ चे, बहुतेकांकडे १८१८ चे. हे आकडेच पहिली साक्ष देतात. १६१६ साली मुंबई कंपनीच्या ताब्यात नव्हती. ती आली १६६८ मध्ये. आणि १८१८ हे तर आपल्या काळजात रुतलेले साल, पेशवाई बुडाल्याचे. पुणे हाती आल्यावर इंग्रजांनी इंग्रजी अक्षरांचे नवे नाणे इथे लादले, असे कुणालाही वाटेल. प्रत्यक्षात त्यांनी पुण्यात अंकुशी रुपया तसाच पाडत ठेवला, कारण बाजाराचा विश्वास त्याच्यावर होता. सुरतेच्या रुपयावर शाह आलम बादशहाचे नाव होते. तो बादशहा १८०६ साली वारला, तरी त्याच्या कारकिर्दीचे शेहेचाळिसावे वर्ष कंपनीच्या रुपयावर गोठून राहिले. संपूर्ण हिंदुस्थानासाठी एकच रुपया, राजाच्या चेहऱ्याचा आणि इंग्रजी अक्षरांचा, आला तो १८३५ साली.

मग मुंबई इलाख्यात कंपनीचे तांब्याचे नाणे कसे होते? १८०४ ची नाणी इंग्लंडात बर्मिंगहॅमजवळच्या सोहो टांकसाळीत वाफेच्या यंत्रावर पाडून जहाजाने आणली गेली. त्यांच्या एका बाजूला कंपनीचे राजचिन्ह आहे आणि दुसऱ्या बाजूला तराजू. तराजूच्या दोन पारड्यांमध्ये फारसी लिपीत एकच शब्द आहे : अदल, म्हणजे न्याय. व्यापार करायला आलेल्या आणि राज्य घेऊन बसलेल्या कंपनीने रयतेच्या हातात द्यायला नेमका हा शब्द निवडला. मला ते नाणे पाहताना दर वेळी थांबायला होते. राम-सीता त्यावर कुठेही नाहीत.

आणखी एक पक्की खूण. ब्रिटिश हिंदुस्थानात ‘एक आणा’ हे नाणे चलनासाठी पहिल्यांदा निघाले १९०७ साली, सातव्या एडवर्डच्या कारकिर्दीत. तेही तांब्याचे नव्हते, तांबे-निकेलच्या मिश्रधातूचे होते, आणि त्याची कड कंगोऱ्यांची होती. तांब्यात पाव आणा होता, अर्धा आणा होता, पै होती. म्हणून तांब्यावर ‘वन आना’ आणि शेजारी ‘यूकेएल’ अशी कुठल्याच खऱ्या नाण्यावर नसलेली अक्षरे दिसली, की प्रश्न तिथेच मिटतो. नाणे हातात घेऊन भिंगातून पाहा. खरे नाणे दोन ठशांमध्ये दाबून पाडलेले असते, त्याची अक्षरे कोरीव उठतात. तुमच्या नाण्याच्या पृष्ठभागावर बारीक खड्डे आहेत, चेहरे मेणासारखे विरघळलेले आहेत. ते साच्यात ओतलेले आहे.

पण म्हणून तुमच्या आजोबांना कुणी फसवले असे समजू नका. रामदरबाराच्या मुद्रा तीर्थक्षेत्री विकत मिळत, लोक त्या देव्हाऱ्यात ठेवत, रामटंका म्हणून पुजत. कंपनीचे नाव घातलेल्या मुद्रा त्याच प्रथेच्या आधाराने पुढे बनल्या. तुमच्या नाण्यावर हळदकुंकवाचा जुना थर दिसतो. आजोबांनी ते विकण्यासाठी ठेवलेले नव्हते. त्याला परत देव्हाऱ्यात जागा द्या, ती त्याची योग्य जागा आहे.

नाण्यावर देव असू शकतो, ही तुमची समजूत मुळात चुकीची नाही. विजयनगरच्या सुरुवातीच्या राजांच्या सोन्याच्या नाण्यांवर हनुमान आहे. खुद्द कंपनीनेही मद्रासकडे देवाचे नाणे पाडले : ‘तीन स्वामी’ पगोड्यावर व्यंकटेश आणि त्याच्या दोन्ही बाजूंना दोन देवी आहेत. पगोडा म्हणजे आपल्याकडचा होन. दक्षिणेत लोक जे नाणे घेतील तेच पाडायचे, इतका साधा व्यापारी हिशेब त्यामागे होता. आणि राम-सीतेचे अस्सल नाणे हवे असेल तर ते अकबराचे आहे. १६०४-०५ च्या सुमाराचे, सोन्याची अर्धी मोहर. धनुष्य घेतलेला राम पुढे, सीता मागे, आणि वर नागरी अक्षरांत ‘राम सीय’. जगात त्याचे मोजकेच नमुने आहेत. एक लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहे, आणि त्याच छापाची चांदीची अर्धी रुपयाची प्रत वाराणसीच्या भारत कला भवनात. अशी वस्तू लिलावात आली तर तिला मोठी किंमत का येते, हे सांगायला कुणा व्हिडिओची गरज नाही.

आता नऊ लाखांच्या त्या माणसाविषयी. कोणतेही खरे लिलावघर वस्तू प्रत्यक्ष पाहिल्याशिवाय भाव ठरवत नाही. ते अंदाजित किंमत छापते, मालकाशी बोलून राखीव किंमत ठरवते, आणि वस्तू विकली गेली की आपले कमिशन विक्रीच्या रकमेतून वळते करून घेते. फोनवर आधी पैसे मागितले, की ओळखा. पहिले २,१०० भरले की करासाठी मागतात, मग रिझर्व्ह बँकेच्या प्रमाणपत्रासाठी. असे कोणतेही प्रमाणपत्र नसते. जुन्या नाण्या-नोटांच्या खरेदी-विक्रीशी आपला काही संबंध नाही, आपण त्यासाठी शुल्क किंवा कमिशन मागत नाही, असे रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्ये जाहीरपणे सांगितले आहे. निवृत्तीच्या पैशांतून असे हप्ते भरलेल्या लोकांची पत्रे माझ्याकडे आहेत, आणि ती वाचताना फार त्रास होतो.

लिलावात किंमत येते ती जुनेपणाला नव्हे; ती दुर्मिळता, अवस्था आणि वस्तूमागची सिद्ध झालेली हकिकत या तिन्हींना मिळून येते. २९ एप्रिल २०२५ रोजी लंडनच्या सदबीज लिलावात एक मराठा तलवार आली. युरोपीय बनावटीचे पाते, मुल्हेरी पद्धतीची मूठ, म्हणजे आपण जिला फिरंग म्हणतो ती. अशा फिरंगी जगभरच्या संग्रहांत पुष्कळ आहेत. पण या पात्याच्या पाठीवर सोन्याच्या देवनागरी अक्षरांत नागपूरकर रघूजी भोसल्यांचे नाव आणि ‘सेनासाहेबसुभा’ हा त्यांचा किताब होता. त्या एका ओळीमुळे तलवारीला मालक मिळाला आणि काळ मिळाला. महाराष्ट्र शासनाने ती ४७ लाख १५ हजारांना घेतली आणि ऑगस्टमध्ये ती मुंबईत आली. ती ओळ कुणी घासून काढली असती, तर ते एक चांगले पाते उरले असते, इतकेच.

म्हणून आता तुमच्या त्या काळ्या तुकड्यांकडे या. फोटोत एका बाजूला ‘श्री / राजा / शिव’ अशा तीन ओळी मला वाचता येतात, दुसऱ्या बाजूला ‘छत्र / पति’. त्या शिवराया आहेत. पंधरा-वीसच्या पंधरा-वीस, निदान फोटोत दिसतात तेवढ्या सगळ्या.

१६७४ च्या राज्याभिषेकानंतर महाराजांनी सोन्याचा होन आणि तांब्याची शिवराई सुरू केली. होन आज हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच ठाऊक आहेत. शिवराई मात्र महाराजांच्या माघारी, साताऱ्याच्या छत्रपतींच्या आणि पेशव्यांच्या काळातही त्याच नावाने पडत राहिली. पेशवाईत टांकसाळीचे परवाने सोनारांना दिले जात, आणि ठसा कोरणारा प्रत्येक जण शिकलेला नसे. त्यामुळे कुठे ‘शीव’ आहे, कुठे ‘सिव’, कुठे ‘पती’ दीर्घ. कशावर चंद्र-सूर्य आहेत, कशावर बेलाचे पान. तुमच्या दोन नाण्यांवर मधोमध आडव्या दोन रेघा आहेत. ती दुदांडी शिवराई, उत्तरकाळातली. इंग्रजी अंमल आल्यावरही गावच्या बाजारात मीठ-तेल याच पैशावर मिळत होते.

किंमत विचाराल तर खरे सांगतो. शिवराई भरपूर पडली, म्हणून भरपूर उरली. झिजलेल्या साध्या शिवराईला लाख सोडा, हजारही सहसा येत नाहीत. एखादा दुर्मिळ छाप निघाला तर गोष्ट वेगळी, आणि तो निघू शकतो, म्हणूनच जाणकाराला दाखवा. तुमच्या जिल्ह्यातच, त्र्यंबकच्या वाटेवर अंजनेरीला भारतीय नाणकशास्त्र संशोधन संस्था आहे. डबा घेऊन तिथे जा.

तोवर चार गोष्टी पाळा. चिंच, लिंबू, राख, भांड्यांची पावडर, काहीही लावू नका. वरचा काळपट थर हे तांब्याचे कवच आहे. ते गेले की अक्षरेही जातात आणि संग्राहक हात लावत नाही. मऊ प्लास्टिकच्या पाकिटात ठेवू नका, साध्या कागदी पुडीत एकेक वेगळे ठेवा. परदेशातल्या कुणी मागितली तरी पाठवू नका : १९७२ च्या पुरावशेष कायद्याप्रमाणे शंभर वर्षांहून जुने नाणे खासगी माणसाला देशाबाहेर पाठवता येत नाही. जमिनीत पुरलेले सापडले असते तर १८७८ च्या निखात निधी कायद्यानुसार जिल्हाधिकाऱ्यांना कळवावे लागले असते. घरच्या डब्याला ते लागू नाही.

आणि एक काम आज रात्रीच करा. घरात जे कुणी वडीलधारे असेल, तुमची आत्या, चुलते, कुणीही, त्यांना विचारा की आजोबांकडे हा डबा कुठून आला, त्यांचे दुकान होते का, ते कोणत्या बाजाराला जात. ते सांगतील तसेच एका कागदावर लिहा, तारीख घाला आणि तो कागद शिवरायांसोबत डब्यात ठेवा. मलाही त्याची एक प्रत पाठवा.