केळनाकाठ आणि पाँपेई

जालना जिल्ह्यातील भोकरदन हे केळना नदीच्या काठी वसलेले गाव. समुद्र येथून शेकडो किलोमीटर दूर. गावातील पुष्कळ मुलांनी तो अजून पाहिलाही नसेल. तरीही इटली देशातील समुद्रकाठच्या एका प्राचीन नगराशी या गावाचे नाते जुळले आहे, आणि ते जुळविले आहे वीतभर उंचीच्या एका हस्तिदंती मूर्तीने. हे नाते समजून घ्यावयाचे, तर प्रथम त्या नगरात जाऊन आले पाहिजे.

नेपल्स शहराहून निघालेली आगगाडी सुमारे पाऊण तासात प्रवाशाला पाँपेई येथे आणून सोडते. व्हेसुव्हियस हा ज्वालामुखी पर्वत येथून स्पष्ट दिसतो. ज्या वेशीतून प्रवासी आत शिरतो, तिचे नावच ‘सागरवेस’. पूर्वी समुद्र तिच्या जवळ होता; आता किनारा दूर सरला आहे. आत फरसबंदी रस्ते आहेत आणि त्यांवर गाड्यांच्या चाकांनी पडलेल्या चाकोऱ्या अजून दिसतात. रस्ता ओलांडणाऱ्यांचे पाय चिखलपाण्यात भरू नयेत म्हणून मध्ये उंच धोंडे मांडलेले आहेत. भटारखान्यातील दगडी जाती, खाद्यपेयांच्या दुकानांतील रांजण बसविलेले ओटे, चौकाचौकांतील पाण्याची कुंडे, सारे जेथल्या तेथे आहे. नाहीत ती केवळ माणसे.

इ. स. ७९ मध्ये व्हेसुव्हियसचा स्फोट झाला. आकाशातून खडे व राख यांचा वर्षाव सुरू झाला. अनेकांनी पळून जाऊन प्राण वाचविले; जे मागे राहिले, ते तेथेच गाडले गेले. पुढे १७४८ मध्ये येथे उत्खननास आरंभ झाला. घट्ट झालेल्या राखेत खणणाऱ्यांना पोकळ्या आढळत. १८६३ मध्ये ज्युसेप्पे फिओरेल्ली या संशोधकाने अशा पोकळ्यांत पातळ प्लास्टर ओतविले, आणि ते वाळल्यावर मृत माणसांच्या हुबेहूब आकृती प्रकट झाल्या. त्यांच्यासमोर उभे राहिले की प्रवाशाचे बोलणे आपोआप थांबते.

याच नगरातील एका घरात १९३८ मध्ये एक हस्तिदंती मूर्ती सापडली. मूर्ती एका स्त्रीची आहे. हात बांगड्यांनी भरलेले, गळ्यात हार, कमरेला मेखला आणि दोन्ही बाजूंस प्रसाधनाचे साहित्य घेतलेल्या दोन लहान दासी. ही घडण रोमन नव्हे, भारतीय आहे, हे पाहताक्षणीच ध्यानात येते. कित्येकांनी तिला लक्ष्मी म्हटले. काहींच्या मते ती यक्षी आहे. आज ती नेपल्सच्या संग्रहालयात आहे.

भारतातील ही मूर्ती तेथवर गेली कशी? त्या काळी रोमन साम्राज्याशी भारताचा मोठा व्यापार चाले. पहिल्या शतकातील एका ग्रीक प्रवासवर्णनात पैठण व तेर येथील माल गाड्यांतून भडोच बंदराकडे जात असल्याचे सांगितले आहे. भडोचहून परदेशी जाणाऱ्या वस्तूंत हस्तिदंतही होता. मोसमी वाऱ्यांच्या साहाय्याने जहाजे अरबी समुद्र ओलांडीत. दरवर्षी निदान पाच कोटी रोमन नाणी भारताकडे जातात, अशी तक्रार प्लिनी या रोमन ग्रंथकाराने केली होती. दैवयोग असा, की त्याच व्हेसुव्हियसच्या स्फोटात, पाँपेईजवळच्या किनाऱ्यावर, त्याचा अंत झाला.

आता पुन्हा केळनाकाठी येऊ. भोकरदनचे प्राचीन नाव भोगवर्धन. तेथील रहिवाशांनी दिलेल्या दानांची नोंद सांची व भारहुत येथील शिलालेखांत आहे. १९७३ मध्ये नागपूर व मराठवाडा या दोन विद्यापीठांनी येथे उत्खनन केले. त्यात एक हस्तिदंती स्त्रीमूर्ती मिळाली. ती अखंड नाही. परंतु तिचे पाँपेईच्या मूर्तीशी असलेले साम्य पाहून अभ्यासक चकित झाले. अशाच घडणीची एक मूर्ती तेर येथेही मिळालेली आहे.

मग पाँपेईची मूर्ती भोकरदनच्याच कारागिराने घडविली, असे म्हणावे काय? तसे म्हणण्याचा मोह कोणासही होईल. परंतु इतिहासाला मोहापेक्षा पुरावा प्रिय असतो. पाँपेईच्या मूर्तीवर खरोष्ठी लिपीतील एक अक्षर कोरलेले आहे, आणि ती लिपी मुख्यतः भारताच्या वायव्येकडील प्रदेशात चाले. त्यामुळे मूर्ती कोठे घडली व कोणत्या मार्गाने गेली, याविषयी विद्वानांत मतभेद आहेत. निश्चित आहे ते इतकेच : त्या मूर्तीसारखे काम भोगवर्धनात परिचयाचे होते, आणि तशी एक मूर्ती सातासमुद्रांपलीकडे कोणीतरी घरात जपली होती.

पाँपेई एका संकटात गाडले गेले आणि म्हणूनच टिकले. भोगवर्धनाचे तसे झाले नाही. तेथे घरावर घर उठत गेले, आणि जुने नगर नव्या घरांच्या पायाखाली राहिले. पाया खणताना वा शेत नांगरताना तेथे खापरे व मणी वर येतात. जाणता मनुष्य अशी वस्तू फेकून देत नाही व विकतही नाही. ती कोठे मिळाली ते लिहून ठेवतो आणि शिक्षकांना अथवा पुरातत्त्व विभागाला कळवितो. भोकरदनची ती भंगलेली मूर्ती कोणी मोडकी बाहुली समजून उकिरड्यावर टाकली असती, तर केळनाकाठ व पाँपेई यांना जोडणारा हा दुवा कायमचा हरवला असता.

स्वाध्याय
१. पाँपेई नगर नष्ट होऊनही टिकले, असे का म्हटले आहे?
२. ‘इतिहासाला मोहापेक्षा पुरावा प्रिय असतो,’ हे पाठाच्या आधारे स्पष्ट करा.
३. तुमच्या गावातील एखाद्या जुन्या वास्तूची वा वस्तूची माहिती वडीलधाऱ्यांना विचारून दहा ओळींत लिहा.