आजारपणात आणि आरोग्यात : तोबित आणि अन्ना यांचे घर



लग्नाच्या मिस्सेसाठी वाचने निवडताना पुष्कळ वधूवर तोबितच्या पुस्तकातील आठव्या अध्यायाचे वाचन निवडतात. तोबियस आणि सारा लग्नाच्या रात्री उठून एकत्र प्रार्थना करतात, असा तो सुंदर प्रसंग आहे. परंतु त्याच पुस्तकात आणखी एक जोडपे आहे. ते म्हणजे तोबियसचे आईवडील, तोबित आणि अन्ना. त्यांचा दुसऱ्या अध्यायातील प्रसंग लग्नात कोणी वाचत नाही. त्यात आजारी नवरा आहे, कमावून दमलेली बायको आहे आणि शेळीच्या एका करडावरून झालेले भांडण आहे. लग्नाला वीस-तीस वर्षे झालेल्या आणि घरात नुकतेच एकाचे ऑपरेशन झालेल्या जोडप्यांनी मात्र हाच अध्याय वाचावा, असे मला वाटते. आजच्या अभ्यासासाठी तोबित २:९ ते ३:६ आणि ११:१-१५ हे उतारे घरी जरूर काढावेत. (आपल्या प्रॉटेस्टंट बंधूंच्या बायबलमध्ये हे पुस्तक सहसा नसते, म्हणून कॅथोलिक बायबल घ्यावे.)

तोबित हा निनवे शहरात हद्दपारीत राहणारा देवभीरू माणूस. भुकेल्यांना अन्न देणे आणि बेवारस मृतांना मूठमाती देणे हे त्याचे काम. एका रात्री असेच एका मृताला पुरून आल्यावर तो अंगणातल्या भिंतीशी झोपतो. वरून चिमण्यांची विष्ठा त्याच्या डोळ्यांत पडते आणि डोळ्यांवर पांढरे पडदे येतात. तो वैद्यांकडे जातो, औषधे लावतो, पण दृष्टी जाते ती जातेच. चार वर्षे तो आंधळा राहतो. मग अन्ना लोकांसाठी कापड विणून घर चालवते. एकदा तिचे काम पाहून मालक तिला मजुरीवर एक करडू देतात. करडू घरी ओरडू लागते तेव्हा तोबित विचारतो की हे कुठून आले, चोरीचे तर नाही ना, ज्याचे असेल त्याला परत कर. ती सांगते की मला बक्षीस मिळाले आहे. तो विश्वास ठेवत नाही. तेव्हा अन्नाचा बांध फुटतो. तुमचा दानधर्म आता कुठे गेला, तुमची पुण्याई काय कामाला आली, असे ती त्याला तोंडावर विचारते.

पवित्र शास्त्राने हे भांडण झाकून ठेवलेले नाही, याबद्दल देवाचे आभार मानले पाहिजेत. दोघेही चांगली माणसे आहेत, दोघांचीही देवावर श्रद्धा आहे. तरीही आजारपण घरात शिरले की दोघांच्या जागा बदलतात. आयुष्यभर देणारा तोबित आता घेणारा झाला आहे. त्याला ते सोसत नाही, म्हणून तो बायकोच्या कमाईवर संशय घेतो. घेणे हे देण्याहून कठीण असते. देताना माणूस उंच उभा असतो, घेताना त्याला कोणाच्या तरी हातावर टेकावे लागते.

पहिल्या शुक्रवारी आजाऱ्यांना कम्युनियन द्यायला जाताना अशी घरे मी नेहमी पाहतो. नवऱ्याचे बायपास झालेले असते. ऑपरेशनच्या दिवशी सगळे नातेवाईक हॉस्पिटलात जमतात, घरोघरी रोझरी होते, मिस्सेसाठी हेतू येतात. आठ-दहा दिवसांनी माणूस घरी आला की सगळ्यांना वाटते, सुटला! खरे तर घरातल्या माणसाचे काम तिथे सुरू होते. छातीचे हाड नीट जुळून यायला दोन-तीन महिने जातात. खोकला आला की उशी छातीशी धरावी लागते. वजन उचलायचे नाही. तीन चेंडूंचे श्वासाचे यंत्र दिवसातून कितीतरी वेळा ओढायचे. तोंडाला चव नसते, झोप उलटीपालटी होते. मन खचते, उगाच रडू येते. डॉक्टरांना ही खिन्नता चांगली ओळखीची आहे आणि ती फार दिवस टिकली तर त्यांना सांगायला हवी. बायको दिवसातून दहा वेळा विचारते, गोळी घेतली का? आणि ज्याने कालपर्यंत घर चालवले तो वैतागून म्हणतो, मी काय लहान मूल आहे? तेच ते तोबितचे करडू! ऑपरेशन बायकोचे झाले असेल तर चूल नवऱ्याकडे येते आणि करडू दुसऱ्या बाजूने ओरडते, एवढाच फरक.

भांडणानंतर तोबित प्रार्थना करतो. तिसऱ्या अध्यायातली ही प्रार्थना वाचून काहींना धक्का बसेल, कारण तो देवाकडे बरे होणे मागत नाही, मरण मागतो. देव ही खचलेली प्रार्थनाही ऐकतो, पण उत्तर मात्र जीवनाचे देतो. आजारी माणसाच्या तोंडून असे शब्द निघाले तर ‘तुझी श्रद्धा कमी पडते’ असे कोणी म्हणू नये. भूल, वेदना आणि गोळ्या यांच्यामध्ये आमच्या पित्याची प्रार्थनाही पुरी होत नाही. त्या वेळी दुसऱ्यांच्या विश्वासाने उचलून न्यावे लागते. मार्कच्या शुभवर्तमानात (२:१-१२) चौघांनी पक्षाघाती माणसाला छप्पर उघडून खाली सोडले, तेव्हा येशूने त्यांचा विश्वास पाहिला, असे लिहिले आहे. खाटेवरच्या माणसाने तोंडही उघडले नव्हते.

आता अन्नाकडे पाहू. तोबितची प्रार्थना लिहिलेली आहे, साराची लिहिलेली आहे, तोबियसची लिहिलेली आहे. अन्नाची एकही प्रार्थना या पुस्तकात नाही. ती विणते, मुलासाठी रडते, रोज रस्त्याकडे डोळे लावून बसते. मग तिने प्रार्थना केलीच नाही का?

इथे आपल्या धर्मशिक्षणातील एक गोष्ट आठवावी. विवाहाच्या संस्कारात संस्कार देणारा धर्मगुरू नसतो. आपल्या लॅटिन परंपरेच्या शिकवणुकीप्रमाणे वधू आणि वर हेच एकमेकांना तो संस्कार देतात. धर्मगुरू ख्रिस्तसभेच्या वतीने त्यांची संमती स्वीकारतो आणि आशीर्वाद देतो. आजारपणात आणि आरोग्यात साथ देईन, हे वचन वेदीसमोर एक मिनिटात बोलून होते, पण त्यातले ‘आजारपणात’ हे पुष्कळ वर्षांनी, बेडपॅन धुताना आणि रात्री दोन वाजता पाठीला उशी लावताना पुरे केले जाते. त्या वेळी पत्नी केवळ नर्सचे काम करत नसते. ज्या संस्काराची ती सेवक आहे तो संस्कार ती त्या क्षणी देत असते. म्हणून ‘फादर, हल्ली प्रार्थनेला वेळच मिळत नाही’ असे जिने सांगितले, तिला मी अन्नाचा माग दाखवीन. रोझरीचा एक दशक आणि झोपण्यापूर्वी पतीच्या कपाळावर क्रूसाची खूण, एवढे जमले तर पुष्कळ झाले.

प्रार्थना आणि औषध यांचा संबंधही या पुस्तकाने फार सुरेख सांगितला आहे. देव रफाएल या दूताला पाठवतो. त्याच्या नावाचा अर्थच ‘देव बरे करतो’ असा आहे. पण हा दूत तोबितच्या डोळ्यांना हात लावून त्यांना बरे करत नाही. तो तोबियसला तिग्रीस नदीतला मासा पकडायला लावतो, त्याचे पित्त काढून जपून ठेवायला सांगतो, आणि शेवटी मुलाच्या हातांनीच ते बापाच्या डोळ्यांना लावले जाते. पांढरे पडदे निघून येतात. संत थॉमस अक्वायनस यांच्या भाषेत सांगायचे तर देव हा प्रथम कारण आहे आणि तो दुय्यम कारणांच्या हातून काम करतो. सर्जनने किती केले आणि देवाने किती केले, अशी वाटणी करता येत नाही. लिहिणारा हात आणि पेन यांच्यात अक्षरांची वाटणी होते का?

सिराखच्या पुस्तकातही (३८:१-१५) आजारी माणसाने देवाची प्रार्थना करावी आणि वैद्यालाही जागा द्यावी, कारण त्यालाही देवानेच निर्माण केले आहे, असे सांगितले आहे. रोममधील विश्वासविषयक धर्ममंडळाने २००० साली आरोग्यासाठीच्या प्रार्थनांविषयी सूचनापत्र काढले. त्यातही प्रार्थनेमुळे नैसर्गिक उपाय बाद होत नाहीत, उलट त्यांना उत्तेजनच मिळते, असे म्हटले आहे. म्हणून एखाद्या प्रार्थना मेळाव्याहून परतल्यावर रक्त पातळ करणारी गोळी बंद करणे याला मी श्रद्धा म्हणणार नाही. गोळी घ्यावी आणि प्रार्थनाही करावी.

आणि बरे वाटलेच नाही तर? फ्रान्समधील आलाँसाँ गावच्या झेली मार्टिन या लेस विणून घर सावरणाऱ्या, जणू त्या काळच्या अन्नाच. त्यांना स्तनाचा कर्करोग झाला, पण शस्त्रक्रियेची वेळ टळून गेली होती. १८७७ च्या जूनमध्ये त्या लूर्द्सला गेल्या, न बरे होता परतल्या आणि २८ ऑगस्टला वारल्या. मागे पती लुई आणि पाच मुली राहिल्या. धाकटी तेरेसा चार वर्षांची होती, तीच आपली छोटी संत तेरेसा. १८ ऑक्टोबर २०१५ रोजी पोप फ्रान्सिस यांनी या पतिपत्नीला एकत्र संतपद दिले. लूर्द्समध्ये १८५८ पासून लक्षावधी आजारी गेले. त्यातील सुमारे ७० प्रसंगच ख्रिस्तसभेने चमत्कार म्हणून मान्य केले आहेत. बाकीचे रिकाम्या हाताने परतले असे मात्र तिथे जाऊन आलेला आजारी माणूस क्वचितच म्हणतो.

आता तैलाभ्यंगाविषयी थोडे. आजही काही घरांत फादर तेल घेऊन आले म्हणजे माणूस संपला, असे समजतात आणि बोलावणे शेवटपर्यंत लांबवतात. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ मध्येच स्पष्ट केले की हा संस्कार केवळ मरणाच्या दारात असलेल्यांसाठी नाही. १९७२ मध्ये पोप सहावे पॉल यांनी त्याचा विधी नव्याने लावून दिला. मोठ्या शस्त्रक्रियेच्या आधी तो घेणे उचित आहे, असे ख्रिस्तसभेचा श्रद्धाग्रंथही सांगतो. आजार बळावला तर तो पुन्हाही घेता येतो. १३ मे १९८१ रोजी पोप दुसरे जॉन पॉल यांना गोळ्या लागल्या तेव्हा शस्त्रक्रियेपूर्वी त्यांना तैलाभ्यंग देण्यात आला. त्यानंतर ते २४ वर्षे जगले. तेही एका फटक्यात बरे झाले नव्हते. ३ जूनला घरी आले, संसर्गामुळे २० जूनला पुन्हा हॉस्पिटलात गेले, ५ ऑगस्टला दुसरे ऑपरेशन झाले आणि १४ ऑगस्टला सुटका झाली. घरी आलेला आपला माणूस पुन्हा भरती झाला म्हणून कोणी हाय खाऊ नये.

तेव्हा ऑपरेशनची तारीख ठरली की धर्मग्रामाच्या कार्यालयात कळवावे, म्हणजे आदल्या रविवारी मिस्सेनंतर किंवा घरी येऊन संस्कार देता येईल. त्या वेळी पती किंवा पत्नी जवळ असावी आणि मुलांनाही बाहेर पाठवू नये. एक विनंती लहान ख्रिस्ती समूहांना आहे. आजाऱ्याला भेटायला दहा जण एकदम जाऊन चहा मागण्यापेक्षा एकाने रविवारी सकाळी दोन तास त्याच्याजवळ बसावे. त्या दोन तासांत त्याची पत्नी मिस्सेला येऊन जाईल, आणि वाटेत कोणाशी तरी चार शब्द बोलेल.