शिक्षकाचा आवाज आणि मध

खडू संपला तर दुसरा घेता येतो. परंतु शिक्षकाचा आवाज बसला म्हणजे वर्गच थांबतो. रत्नागिरी जिल्ह्यात पावसाळ्यात पत्र्याच्या छपरावर सरी कोसळू लागल्या की शिक्षकास आवाज चढवावा लागतो. जेथे एकाच शिक्षकाकडे दोन-तीन इयत्ता असतात, तेथे हा ताण दिवसभर राहतो. मग घसा धरतो आणि मधाची आठवण होते. मधाचा उपयोग कोठवर होतो, हे शिक्षकांनी नीट समजून घेणे इष्ट आहे.

सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात आवाज बसण्याच्या विकारास ‘स्वरभेद’ म्हटले असून त्याचे सहा प्रकार सांगितले आहेत. त्याच्या कारणांत अति मोठ्याने बोलणे व मोठ्याने पाठ म्हणणे यांचा समावेश आहे. म्हणजे शिक्षकाच्या व्यवसायातच या विकाराचे मूळ आहे. ‘निदानपरिवर्जन’, म्हणजे कारण टाळणे, ही आयुर्वेदाने चिकित्सेची पहिली पायरी मानली आहे. मधाचे स्थान त्यानंतरचे.

मध कफनाशक व योगवाही, म्हणजे सोबतच्या औषधाचा गुण वाढविणारा, मानला आहे. म्हणूनच ज्येष्ठमधाचे अथवा सितोपलादि चूर्ण मधातून चाटवितात. दाट मधाचा लेप घशावर बसून खवखव व खोकल्याची उबळ काही काळ शमते, हे आजचे वैद्यकही मान्य करते. लहान चमचाभर मध सावकाश चाटावा. उकळत्या चहात अथवा काढ्यात तो घालू नये. मध तापविणे चरकाने निषिद्ध मानले आहे. मधुमेह असणाऱ्यांनी वैद्यांचा सल्ला घ्यावा.

येथे एक गोष्ट पालकांनाही अवश्य सांगावी. एक वर्षाच्या आतील बालकास मध मुळीच चाटवू नये, गुटीतूनही देऊ नये. मधातील काही सूक्ष्म जंतूंच्या बीजाणूंपासून अशा बालकाच्या आतड्यात विष तयार होऊन जिवावर बेतू शकते.

वर्गात पुढील गोष्टी पाळाव्यात :

१. पावसाचा जोर असता तोंडी पाठ थांबवून लेखन, चित्रकला अथवा मूकवाचन घ्यावे.

२. मुलांना अर्धवर्तुळात जवळ बसवावे. शांततेसाठी ओरडण्याऐवजी टाळी अथवा घंटा वापरावी.

३. कविता प्रथम आपण एकदा म्हणून दाखवावी. पुढे मुलांपैकी एकाने सांगावी व इतरांनी म्हणावी.

४. पाण्याचा तांब्या जवळ ठेवून अधूनमधून घोटभर पाणी प्यावे. वारंवार खाकरू नये.

५. आवाज बसला असता शक्य तितके मौन पाळावे. कुजबुजण्यानेही घशास ताण पडतो.

आवाज तीन आठवड्यांहून अधिक काळ बसलेला राहिल्यास, अथवा गिळताना वा श्वास घेताना त्रास होत असल्यास किंवा थुंकीतून रक्त पडत असल्यास, मधावर विसंबून न राहता कान-नाक-घसा तज्ज्ञांकडून तपासणी करून घ्यावी. तंबाखू सेवन करणाऱ्यांनी तर यात मुळीच दिरंगाई करू नये.

मधाने घशास आराम पडेल. परंतु आवाज टिकेल तो वर्गातील सवयी बदलल्यानेच.