मुखकांती : समज आणि वास्तव

शहाड परिसरातील रुग्णांत एक समज आम्हांस वारंवार आढळतो : जे मलम आठ दिवसांत चेहरा उजळवते, ते उत्तम. अशा शीघ्र गुणामागे पुष्कळदा पारा अथवा स्टेरॉइड असते. अकोल्यातील एका कुटुंबात अशाच क्रीमच्या वापरानंतर मूत्रपिंडाचा विकार उद्भवला; मुंबईच्या केईएम रुग्णालयाने केलेल्या तपासणीत तिच्यात पारा आढळल्याचे २०२३ साली प्रसिद्ध झाले. सुश्रुतांनी व्यंगाच्या हेतूंत क्रोध व आयास सांगितले आहेत. त्यांवर कोणते मलम चालणार? ‘आयुर्वेदिक’ असे छापले म्हणून डबी निर्दोष ठरत नाही, हे आपणच रुग्णास सांगावयास हवे. व्यंगाच्या रुग्णाकडून वापरातील डबी मागवून घटक पाहावेत. पायांवर शोथ असल्यास मूत्रातील अल्ब्युमिन त्वरित तपासावे.