इसार देण्याआधी भाग नकाशा काढा

पोरांनो, प्लॉट घ्यायचा म्हटलं की तुम्ही आधी मोबाइलवर लोकेशन बघता, रविवारी साइटवर जाता आणि तिथेच टोकन देऊन मोकळे होता. माझं ऐका. इसाराचा रुपयाही हातातून सोडण्याआधी गट नंबर मागून घ्या आणि नगररचना कार्यालयातून त्या गटाचा झोन दाखला आणि भाग नकाशा काढा. माझं उभं आयुष्य या नकाशांवर गेलं. या दोन कागदांवाचून कष्टाचे पैसे अडकलेली माणसं मी फार पाहिली, म्हणून कळकळीने सांगतो.

सातबारा हा महसुलाचा कागद. जमीन कुणाची, क्षेत्र किती, भोगवटादार वर्ग एक की दोन, बोजा कुणाचा, एवढं तो सांगतो. तिथे काय बांधता येईल हे ठरतं आराखड्यात. १९६६ च्या प्रादेशिक नियोजन व नगररचना कायद्याखाली शहराचा होतो तो डीपी, म्हणजे विकास आराखडा; गावांचा भाग येतो तो आरपीत, म्हणजे प्रादेशिक आराखड्यात. आणि किती बांधायचं, बाजूने किती सोडायचं, हे सांगते नियमावली. मुंबई आणि काही वगळलेली क्षेत्रं सोडली तर डिसेंबर २०२० पासून राज्यात एकच एकत्रीकृत नियमावली आहे, तिला सगळे यूडीसीपीआर म्हणतात. तिच्या सुरुवातीलाच व्याख्या दिल्या आहेत. ती पानं कंटाळा न करता वाचा, कारण वाद झाला की अधिकारी तेच पान उघडतो, एजंटने काय सांगितलं होतं ते कुणी विचारत नाही.

आता ‘फार्महाऊस प्लॉट’चं उदाहरण घ्या. पाच गुंठे, कुंपण, आंब्याची चार रोपं, मागे डोंगर. पण महसूल संहितेतली शेतघराची व्याख्या वाचा. अवजारं, खत, वैरण, धान्य ठेवायला, गुरं बांधायला, कसणाऱ्याच्या कुटुंबाला किंवा गड्यांना राहायला, अशी शेतीच्या गरजेतून उभी राहते ती इमारत. हिरव्या, म्हणजे शेतीच्या पट्ट्यात शेतघर बांधायला किमान ०.४ हेक्टर, म्हणजे जवळजवळ एकर जमीन लागते. पाच गुंठ्यांत ते कसं बसणार? वर असे प्लॉट बहुधा सामाईक सातबाऱ्यावर विकतात. दहा जणांची नावं लागतात, पण तुमचा तुकडा नेमका कुठला हे सरकारी नकाशात कुठेच नसतं. उद्या शेजाऱ्याशी बिनसलं की भांडण तिथूनच सुरू होतं. असल्या व्यवहाराच्या वाटेला जाऊ नका, हे माझं स्पष्ट मत.

भाग नकाशा हातात आला की नुसता रंग बघून खूश होऊ नका. पिवळा म्हणजे रहिवास, म्हणजेच आर झोन, हिरवा म्हणजे शेती, हे सगळ्यांना ठाऊक असतं. पण एकच गट अर्धा पिवळा, अर्धा हिरवा असू शकतो. मधून आखलेला डीपी रोड जातो, कोपऱ्यात शाळेचं आरक्षण असतं. विकणारा म्हणतो, “गट आर झोनमध्ये आहे.” खोटं नसतं ते, पण तुमचे दोन गुंठे हिरव्यात असले तर काय कामाचं? म्हणून मोजणी नकाशा भाग नकाशावर बसवून घ्या आणि दाखला मागताना आपल्या हिश्श्याचा मागा.

‘गावठाणाला लागून’ म्हणून भाव चढवतात, तिथेही असंच. गावठाणापासून २०० मीटरच्या आत बिनशेती वापराची सवलत सांगतात, पण ते अंतर नकाशावरच्या गावठाण हद्दीपासून धरतात. वस्ती वाढत वाढत कुठवर आली याच्याशी त्याचा संबंध नसतो. ‘एनए’, म्हणजे बिनशेती, ‘होणार आहे’ यावर तर मी बोलतच नाही. झालेली ऑर्डर आणि मंजूर लेआउट दाखवा म्हणावं, दोन्ही.

नदीकाठी जमीन असेल तर पूररेषा विचारल्याशिवाय पुढे जाऊच नका. पाटबंधारे खातं निळी रेषा आखतं ती सरासरी २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. निळीच्या आत बांधकाम नाही, निळी आणि लालच्या मधे अटींवर मिळतं. सांगली-कोल्हापूरकरांनी २०१९ मध्ये पाणी कुठवर चढलं ते पाहिलंय, त्यांना हे वेगळं सांगायला नको.

वडिलोपार्जित जमिनीवर आरक्षण पडलं असेल तर हातपाय गाळू नका. आराखडा अमलात येऊन दहा वर्षं झाली आणि जागा संपादित केली नाही, तर त्याच नगररचना कायद्याच्या कलम १२७ खाली खरेदी सूचना देता येते. त्यानंतर २४ महिन्यांत हालचाल झाली नाही, तर आरक्षण व्यपगत होतं. सूचना मात्र जाणत्या वकिलाकडून लिहून घ्या.

आणि गावाचा नवा प्रारूप विकास आराखडा निघाला की कार्यालयात जाऊन नकाशावर आपला गट शोधा. हरकतीला ३० दिवस असतात. हरकत लेखी द्या, गट नंबर घालून द्या, पोच घ्या, आणि सुनावणीची नोटीस आली की स्वतः हजर राहा.