कुटुंबाची सफर : हिशोब शेवटाकडून मांडा

कापडाचा व्यापारी माल घेताना हिशोब नेहमी उलटा मांडतो. गिऱ्हाईक या साडीचे किती देईल हे तो आधी ठरवतो. त्यातून आपला नफा, गाडीभाडे आणि हमाली वजा करतो आणि उरलेल्या आकड्यावर ठोक व्यापाऱ्याशी बोलतो. परंतु हाच व्यापारी बायकामुलांना घेऊन बाहेरगावी निघतो तेव्हा हिशोब सुलटा धरतो. आधी पिशव्या भरतो, मग गाडी शोधतो, आणि परतीचा विचार खिसा हलका झाल्यावर करतो. आम्हीही एकदा असेच केले. त्याची किंमत पैशांत भरून निघाली असती तर हा लेख लिहिण्याची गरजच नव्हती.

आमच्या वाटूर भागातील पुष्कळ कुटुंबांनी समुद्र पाहिलेला नाही. कारागीर आणि लहान दुकानदार यांची सफर म्हणजे लग्न, मयत आणि दवाखाना. अलीकडे मुले मोबाईलवर जहाजे आणि बेटे पाहतात व विचारतात, "आपण कधी जायचे?" सहल कंपन्यांची ठरीव दराची सहल सर्वांना परवडत नाही, आणि तिची घाई म्हाताऱ्यांना झेपतही नाही. तेव्हा आपली सफर आपणच आखावी हे उत्तम. मात्र ती कशी आखावी, हे शिकून घेतले पाहिजे.

आमची चूक

२०१९ च्या जून महिन्यात लग्नसराई संपली, दुकान थंड झाले. अम्मांची फार दिवसांची इच्छा होती की एकदा दर्या पाहावा आणि बोटीत बसावे. त्यांच्या लहानपणी हाजी लोक मुंबईहून जहाजाने जिद्द्याला जात. ती जहाजे १९९५ पर्यंत चालली, त्यानंतर सर्व हाजी विमानाने जाऊ लागले. त्या जहाजांच्या गोष्टी अम्मांनी वडीलधाऱ्यांकडून ऐकल्या होत्या.

आम्ही ठरवले की गेटवेहून बोटीने मांडवा, तेथून अलिबाग, मुरुड आणि जंजिरा किल्ला करायचा. आठ माणसे मुंबईला पोहोचली. गेटवेवर चौकशी केली तर मांडव्याच्या बोटी पावसाळ्यामुळे बंद. जंजिऱ्याला नेणाऱ्या शिडाच्या होड्याही पावसाळ्यात बंद असतात, हे तेथेच कळले. अम्मांनी गेटवेच्या कठड्यावरून पाणी पाहिले, हाजी अलीला जाऊन आल्या आणि म्हणाल्या, "चलो बेटा, पुढच्या साली येऊ." पुढच्या साली कोरोनाची टाळेबंदी आली. नंतर त्यांचे गुडघे गेले.

२०२३ च्या नोव्हेंबरात, दिवाळीचा बाजार आटोपल्यावर, आम्ही पुन्हा निघालो. या वेळी मांडव्याची बोट मिळाली. अम्मा तासभर बोटीच्या खिडकीशी बसून होत्या. परंतु जंजिऱ्याला होडी किल्ल्याच्या दरवाजाशी लागते ती हलत्या पाण्यात. होडीच्या काठावरून पायरीवर पाय टाकावा लागतो. तो पाय अम्मांना टाकता येणार नव्हता. त्या राजपुरीच्या धक्क्यावर सुनेजवळ बसून राहिल्या आणि आम्ही किल्ला पाहून आलो. २०१९ मध्ये त्या तो पाय सहज टाकू शकल्या असत्या. एक चौकशी आधी केली असती तर! या चुकीतून आम्ही जे शिकलो ते पुढे क्रमाने देत आहोत.

पहिला हिशोब : मोसम

आपण दुकानाची मंदी पाहून तारीख ठरवतो. समुद्र मात्र आपली मंदी पाहत नाही. कोकण किनाऱ्यावर साधारण जून ते ऑगस्ट हा काळ लहान बोटींसाठी बंदीचा असतो. त्याच्या आगेमागेही हवा बिघडली की फेरी रद्द होते. मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला जाणारी मोठी रो-रो बोट मार्च २०२० मध्ये सुरू झाली. तिच्यात माणसांबरोबर मोटारीही जातात आणि ती पावसाळ्यातही चालवली जाते, परंतु वादळी हवेत तीही थांबते. घारापुरीची लेणी सोमवारी बंद असतात. गेटवेवर सोमवारी उतरलेल्या माणसाचा दिवस या एका गोष्टीने फुकट जातो.

आमच्या मते आपल्या भागातील दुकानदारासाठी दिवाळीच्या बाजारानंतरचे पाच-सहा दिवस सर्वांत चांगले. मुलांना सुट्टी असते, दर्या शांत असतो आणि बोटी चालू असतात. गर्दी असते हे खरे, म्हणून राहण्याची जागा आधी पक्की करावी.

दुसरा हिशोब : सर्वांत कमजोर माणूस

सफर घरातील सर्वांत तगड्या मुलाच्या पायांनी मोजू नये. सर्वांत म्हाताऱ्या आणि सर्वांत लहान माणसाच्या पायांनी मोजावी. भाडे किती हे सगळे विचारतात. त्याआधी हे विचारावे : उतरताना पाय कोठे टाकायचा? पायऱ्या किती? बसायला सावली आहे का? स्त्रियांसाठी शौचालय कोठे आहे? घारापुरीला धक्क्यापासून पुढे लहान आगगाडी आहे, परंतु त्यानंतर शंभराहून अधिक पायऱ्या चढाव्या लागतात. हे आधी माहीत असले म्हणजे आजीला वर न्यायचे की खाली सावलीत कोणाजवळ बसवायचे, हे घरीच ठरते. ऐनवेळी तिचे मन दुखत नाही.

लाइफ जॅकेटचा आग्रह धरावा. १७ जुलै १९४७ रोजी मुंबईहून रेवसला निघालेली रामदास बोट बुडाली आणि शेकडो प्रवासी मरण पावले. १८ डिसेंबर २०२४ रोजी गेटवेहून घारापुरीला जाणाऱ्या बोटीला नौदलाच्या वेगवान नावेची धडक बसून पुन्हा माणसे दगावली. समुद्र दिसायला शांत असला तरी मुलांच्या अंगावर जॅकेट चढल्याशिवाय बोट सुटू देऊ नये. होडीत माणसे जास्त भरलेली दिसली तर खाली उतरावे. पुढची होडी येते.

तिसरा हिशोब : परतीची गाडी

येथेच उलटा हिशोब कामी येतो. समजा, परतूरकडे येणारी आपली गाडी मुंबईहून रात्री ९ वाजता सुटते. मग स्टेशनवर ८ वाजता हजर. गेटवेवर संध्याकाळी ४ च्या सुमारास उतरलो तर चहा, नमाज, सामान आणि वाहतुकीची गर्दी यांना पुरेसा वेळ मिळतो. ४ ला उतरायचे तर मांडव्याहून ३ ला बसायचे. त्यासाठी अलिबाग २ वाजता सोडायचे. मुरुड ते अलिबाग सुमारे ५० किलोमीटर, रस्ता वळणाचा, म्हणून मुरुडहून साडेअकराला निघायचे. म्हणजे त्या दिवशी सकाळी जंजिरा होणार नाही, तो आदल्या दिवशीच उरकला पाहिजे. पाहा, एका परतीच्या गाडीने तीन दिवसांचा क्रम ठरवून दिला.

आणखी एक नियम लक्षात ठेवा. शेवटच्या बोटीवर कधीही भरवसा ठेवू नये. तिच्या आधीची बोट हीच आपली शेवटची बोट समजावी.

चौथा हिशोब : भाडे

येथे कायद्याने मिळणाऱ्या सवलती माहीत असाव्यात. एस. टी. मध्ये १७ मार्च २०२३ पासून महिलांना राज्यात अर्धे भाडे आहे. ७५ वर्षांवरील वृद्धांना ऑगस्ट २०२२ पासून मोफत आणि ६५ ते ७५ वयाच्यांना अर्धे भाडे आहे. समजा तिकीट १०० रुपये आहे आणि कुटुंबात दोन कमावते पुरुष, सत्तर वर्षांची अम्मा, पत्नी, सून, मुलगी, नऊ वर्षांचा व चार वर्षांचा असे दोन नातू आहेत. पुरुषांचे २००, चार बायकांचे २००, नऊ वर्षांच्याचे ५०, चार वर्षांच्याचे काही नाही. एकूण ४५० रुपये. भाड्याची जीप ठरवण्याआधी हा आकडा शेजारी लिहून पाहावा. वयाच्या पुराव्यासाठी आधार कार्ड मात्र जवळ हवे.

रेल्वेत चित्र निराळे आहे. वृद्धांची भाडेसवलत मार्च २०२० पासून बंद आहे. पाच ते बारा वर्षांच्या मुलाला वेगळा बर्थ घेतला तर पूर्ण भाडे, न घेतल्यास अर्धे. १ नोव्हेंबर २०२४ पासून आरक्षण ६० दिवस आधी उघडते. तेव्हा दिवाळीच्या तारखेवरून मागे मोजून तो दिवस कॅलेंडरवर लिहून ठेवावा. ४५ वर्षांवरील महिला व ६० वर्षांवरील पुरुष यांना खालच्या बर्थचा कोटा आहे, परंतु तो एका तिकिटावर एक किंवा दोनच माणसे असली तर लागतो. म्हणून दोन वृद्धांचे तिकीट वेगळे काढावे. आठ जणांच्या एकाच तिकिटात म्हातारीला वरचा बर्थ येण्याची भीती असते.

पाचवा हिशोब : भरती आणि ओहोटी

हाजी अलीचा रस्ता भरतीत पाण्याखाली जातो. भरती दिवसातून दोनदा येते आणि दररोज सुमारे ५० मिनिटे उशिरा येते. आपल्याला चांदची तारीख ठाऊक असतेच, तिचा येथे उपयोग होतो. चांदच्या १४-१५ तारखेच्या सुमारास मुंबईत भरती दुपारी व रात्री बाराच्या आगेमागे असते आणि ती मोठी असते. अमावास्येलाही तसेच. सात-आठ तारखेला ती सकाळ-संध्याकाळ सहाच्या सुमारास येते. हा ढोबळ अंदाज आहे, नेमकी वेळ तेथील माणसांना विचारावी.

मोठ्या जहाजाची सफर

सप्टेंबर २०२१ पासून मुंबईहून कॉर्डेलिया कंपनीचे मोठे प्रवासी जहाज गोवा, कोची, लक्षद्वीप अशा फेऱ्या करते. काही सुखवस्तू वाचक याविषयी विचारतात. अशा जहाजाचा जाहिरातीतील दर दरडोई असतो, खोलीचा नव्हे. त्यावर बंदराचे शुल्क आणि कर वेगळे पडतात. म्हणून शेवटचा आकडा लेखी मागावा. जहाजावर दारू आणि जुगाराचे दालन असते, जेवणाबाबतही चौकशी करावी लागते. कुटुंबाला तेथे न्यावे की नाही, हे ज्याने त्याने आपल्या दीनाला स्मरून ठरवावे.

बंदरावर उतरून गाव पाहायचे दोन मार्ग असतात. जहाजाने ठरवून दिलेली सहल महाग पडते, परंतु तिला उशीर झाला तर सहसा जहाज थांबते. आपण स्वतः रिक्षा करून गेलो तर स्वस्त पडते, पण उशीर झाला तर जहाज निघून जाते. स्वतः जाणाऱ्याने जहाजाच्या घड्याळाप्रमाणे दोन तास आधी परतावे आणि दूरचे ठिकाण सोडून जवळचे पाहावे. लक्षद्वीपमध्ये २०११ च्या जनगणनेनुसार ९६ टक्क्यांहून अधिक वस्ती मुस्लिम आहे, त्यामुळे आपल्या लोकांना तेथे जावेसे वाटते. परंतु तेथे प्रवेशाचा परवाना लागतो, आणि बऱ्याचदा मोठ्या जहाजातून लहान नावेत उतरावे लागते. पाय कोठे टाकायचा, हा आमचा प्रश्न तेथेही विचारा.

पैसा आणि अमानत

सफर कर्ज काढून करू नये, व्याजाच्या हप्त्यावर तर मुळीच नाही. आधी कारागिरांची मजुरी, मग व्यापाऱ्याची उधारी, आणि त्यानंतर सहल. चार घरांनी मिळून बिनव्याजी भिशी लावली तर वर्षभरात एकेका कुटुंबाची रक्कम आरामात जमते. एकूण खर्चाच्या पाचव्या हिश्शाएवढी रक्कम वेगळ्या पाकिटात ठेवावी आणि ती बायकांपैकी कोणाकडे तरी द्यावी. दवाखाना किंवा चुकलेली बोट याशिवाय ते पाकीट उघडू नये.

तीन माणसे प्रवासाला निघाली तरी त्यांनी एकाला अमीर नेमावे, ही आपल्याला मिळालेली शिकवण आहे. यात मोठी सोय आहे. कोठे थांबायचे, काय खायचे यावर रस्त्यात भांडण होत नाही. नमाजेचेही तसेच. हनफी मसलकानुसार सुमारे ७८ किलोमीटरपेक्षा लांबचा प्रवास आणि १५ दिवसांपेक्षा कमी मुक्काम असेल तर जोहर, असर व इशाचे चार फर्ज दोन होतात. फज्र आणि मगरिब तशीच राहतात. स्थानिक इमामामागे मात्र पूर्ण नमाज पढावी.

जे पाहतो त्याचा अर्थ

जंजिरा हा शब्द अरबी 'जझीरा', म्हणजे बेट, यावरून आला. तेथील सिद्दी मूळचे आफ्रिकेतले. त्याच हबश देशातून आलेल्या मलिक अंबरने १६१० मध्ये आपल्या मराठवाड्यातील खडकी, म्हणजे पुढचे औरंगाबाद, वसवले. १६२६ मध्ये तो वारला. त्याची कबर खुलताबादला आहे. चारी बाजूंना खारे पाणी असताना किल्ल्यात गोड्या पाण्याचे तलाव आहेत. मुलांना हे तेथे नेऊन दाखवले तर ते विसरत नाहीत. जमिनीवर फिरून पाहण्याची ताकीद कुरआनात आहेच.

थोडक्यात, मोसम, कमजोर माणूस, परतीची गाडी, भाडे, भरती आणि पाकीट, एवढे एका कागदावर शेवटाकडून लिहून काढा. घरात कोणी म्हातारे माणूस "एकदा दर्या पाहायचा" म्हणत असेल तर हा कागद आजच लिहायला बसा. दुकान पुढच्या मोसमातही चालेल, इन्शाअल्लाह. गुडघ्यांचे तसे नसते.